गवतांच्या गोतात राहिलेलं कुमुदिनीचं भावंड

एखादी वनस्पती जेमतेम दोन-चार सेंटिमीटर उंच आहे. पानं दोऱ्यासारखी बारीक, फुलाला पाकळ्या नाहीत, आणि ती उथळ पाण्यात किंवा पाणी आटत आलेल्या चिखलात झुबक्याने उगवते. तिला कोणत्या कुळात ठेवायचं? ट्रिथुरिया नावाच्या वनस्पतीबाबत एकोणिसाव्या शतकापासून या प्रश्नाला ‘गवतांच्या आसपास कुठेतरी’ हेच उत्तर मिळत होतं. २००७ साली ते पार बदललं. ही वनस्पती गवतांची कोणी नाही, ती कुमुदिनीच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणारी गोल पानं आणि मोठी देखणी फुलं असलेल्या वनस्पतींच्या गोतातली आहे, असं त्या वर्षी सिद्ध झालं.

या वनस्पतींचं कुळ म्हणजे हायडाटेलेसी. कुळ अगदी लहान. ट्रिथुरिया ही एकच प्रजाती, आणि तिच्यात डझनभर किंवा फार तर त्याहून एक-दोन जास्त जाती. (प्रजाती हा मोठा गट आणि जाती हा त्यातला एकेक घटक, या अर्थाने हे शब्द इथे वापरले आहेत. प्रजातींची मिळून कुळं होतात आणि कुळांचे मिळून गण.) बहुतेक जाती ऑस्ट्रेलियातल्या, एखाद-दुसरी न्यूझीलंडमधली, आणि एक भारतातली, तीही कोकणातली. कुळ इवलंसं असलं तरी वर्गीकरण म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

वर्गीकरण म्हणजे सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र ठेवणं, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कपाट लावायचं असेल तर तो ठीक आहे. सजीवांच्या वर्गीकरणात मात्र गेली काही दशकं दिसण्यापेक्षा नात्याला महत्त्व आहे. दोन वनस्पती एका कुळात ठेवल्या, की त्यांचा एक सामायिक पूर्वज होता आणि तो इतर कुळांच्या पूर्वजांहून अलीकडचा होता, असा दावा आपण करत असतो. दावा म्हटला की तो खोटाही ठरू शकतो. दिसण्यातलं साम्य हा नात्याचा पुरावा असतो खरा, पण तो फसवा पुरावाही असू शकतो. हायडाटेलेसीच्या बाबतीत तो किती फसवा निघाला, ते पाहण्यासारखं आहे.

या कुळातली पहिली नोंदलेली जाती ट्रिथुरिया सबमर्सा. जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८५८ साली टास्मानियाच्या वनस्पतींवर काम करताना तिचं वर्णन केलं. हूकर हे चार्ल्स डार्विनचे जवळचे मित्र. पुढे १८७९ मध्ये डार्विनने याच हूकरना एक पत्र लिहिलं, आणि सपुष्प वनस्पती भूशास्त्रीय काळात एवढ्या झपाट्याने कशा वाढल्या याला त्याने उद्वेगाने ‘भयंकर कोडं’ म्हटलं. त्या कोड्याशी थेट संबंध असलेली एक वनस्पती हूकरनी वीस वर्षांपूर्वीच स्वतः हाताळली होती. ते या दोघांना कळायचा मात्र काही मार्ग नव्हता.

पुढे १९०४ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लुडविग डील्स यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अशाच बारीक वनस्पतींसाठी हायडाटेला ही दुसरी प्रजाती निर्माण केली. दोन्ही प्रजाती बराच काळ सेंट्रोलेपिडेसी या कुळात राहिल्या. दक्षिण गोलार्धातल्या बुटक्या, झुबक्यांनी वाढणाऱ्या, गवतांच्या नात्यातल्या वनस्पतींचं ते कुळ. सेंट्रोलेपिस आणि ट्रिथुरिया शेजारी शेजारी ठेवल्या तर ही जोडणी मूर्खपणाची वाटत नाही. दोन्ही इवल्याशा, दोन्ही चिखलातल्या, आणि दोन्हींची फुलं इतकी साधी की मोजायला फारसं काही नाहीच.

इथेच खरी अडचण आहे. एखाद्या वनस्पतीचं कुळ ओळखायचं तर आपण काय बघतो? पाकळ्या किती, त्या जुळलेल्या की सुट्या, पुंकेसर किती आणि कुठे चिकटलेले, पानांच्या शिरांची जाळी कशी. ट्रिथुरियात पाकळ्या नाहीत आणि निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची हिरवी दलं, तीही नाहीत. पान इतकं अरुंद की त्यात एकच शीर असते. एकदल वनस्पतींच्या पानांत समांतर शिरा असतात असं शाळेत शिकवतात, पण शिरा समांतर आहेत की नाहीत हे ठरवायला निदान दोन तरी शिरा हव्यात! ज्या खुणांवरून ओळख पटायची, त्याच उत्क्रांतीत झिजून गेल्या होत्या. अशा वेळी उरतो तो एकंदर देखावा, आणि देखावा गवतासारखा. म्हणून वनस्पती एकदलांत.

पाण्यात किंवा पाणथळ जागी राहणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत असं वारंवार घडतं. पाण्याचा आधार असल्यामुळे खोड मजबूत लागत नाही. कीटकांना बोलवायचं नसेल तर पाकळ्यांवर खर्च करण्यात अर्थ नसतो. काही आठवड्यांत आयुष्य उरकायचं असेल तर आकार लहानच ठेवावा लागतो. मग एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या वनस्पती स्वतंत्रपणे सारख्याच दिसू लागतात. कमी होत होत सारखं होणं, हे नात्यावाचूनचं साम्य सगळ्यांत ओळखायला कठीण. एखादा अवयव नवा निर्माण झाला तर त्याच्या रचनेत त्याचा इतिहास सापडतो. अवयव नाहीसाच झाला तर तपासायचं काय?

तरी शंका घेणारे होते. उलरिख हामान या जर्मन शास्त्रज्ञाने या वनस्पतींची बीजं आणि भ्रूणरचना बारकाईने पाहिली, तेव्हा सेंट्रोलेपिडेसीशी त्या जुळेनात. १९७६ मध्ये त्याने या दोन प्रजातींसाठी हायडाटेलेसी हे स्वतंत्र कुळ मांडलं. एकदलांच्या बाहेर जायचं धाडस मात्र त्यानेही केलं नाही. पुढे आर्थर क्रॉनक्विस्टच्या १९८१ सालच्या प्रसिद्ध वर्गीकरणात या कुळाला स्वतंत्र गणही मिळाला, तरी मुक्काम एकदलांतच. थोडक्यात, हे कुळ इथे बसत नाही हे तज्ज्ञांना दिसत होतं. म्हणून ते त्याला शेजाऱ्यांपासून थोडं दूर सरकवत राहिले, पण गल्ली बदलायचं कोणाला सुचलं नाही. माझ्या मते यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. हाती असलेल्या पुराव्यावर त्यांनी केलेलं काम सावधच होतं.

डीएनए आल्यावर तरी प्रश्न लगेच सुटला का? तेही नाही. सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी जगभरचे शास्त्रज्ञ एकत्र येऊन वेळोवेळी एक आराखडा प्रसिद्ध करतात. तो एपीजी या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याच्या २००३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतही हायडाटेलेसी गवतांच्याच गणात, पोएलीजमध्ये होतं. तोपर्यंत हाती आलेला डीएनएचा पुरावा थोडा होता आणि पुढे तो भरवशाचा ठरला नाही. एवढ्याशा वनस्पतीचा नमुना घेताना शेवाळ किंवा शेजारची दुसरी वनस्पती सोबत येणं सहज शक्य असतं. डीएनए खोटं बोलत नाही हे खरं, पण तो नक्की कोणाचा आहे हे आधी पाहावं लागतं.

मार्च २००७ मध्ये जेफ्री सारेला, शॉन ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी एका जनुकावर भिस्त न ठेवता हरितलवकातली अनेक जनुकं तपासली आणि जोडीला पेशीच्या केंद्रकातल्या जनुकाचाही पुरावा घेतला. हरितलवकाचा वारसा आणि केंद्रकाचा वारसा वेगवेगळ्या वाटांनी पुढच्या पिढीत जातो, म्हणून दोघांची साक्ष जुळली तर तिला वजन येतं. इथे ती जुळली. हायडाटेलेसी हे निम्फिएलीज या कुमुदिनीच्या गणातलं कुळ निघालं. या गणात आधी दोन कुळं होती. एक कुमुदिनीचं निम्फिएसी आणि दुसरं कबोम्बा या पाणवनस्पतीचं कबोम्बेसी. आता तिसरं आलं. २००९ सालच्या एपीजीच्या तिसऱ्या आवृत्तीने ही जागा अधिकृतपणे स्वीकारली, आणि त्यानंतर त्याबद्दल गंभीर वाद उरला नाही.

या बदलाचं महत्त्व कळायला सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाचा तळ पाहायला हवा. आज सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जाती माहीत आहेत. १९९९ च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी केलेल्या डीएनए-अभ्यासांतून एक चित्र स्पष्ट झालं. या वंशवृक्षाच्या तळाशी तीन शाखा बाकीच्यांपासून फार लवकर अलग झाल्या. पहिली अम्बोरेलाची. न्यू कॅलिडोनिया बेटावरचं हे एक झुडूप, आणि त्या शाखेत आज तेवढी एकच जाती आहे. दुसरी निम्फिएलीज, म्हणजे कुमुदिनीचा गण. तिसरी ऑस्ट्रोबेलिएलीज, ज्यात चक्रफूल येतं. या तीन शाखांत मिळून काहीशे जाती. उरलेलं सगळं, म्हणजे गवतं, आंबा, गुलाब, सूर्यफूल, वड, ऑर्किड, त्यांच्या पलीकडच्या एका प्रचंड शाखेत.

म्हणजे हायडाटेलेसी एका कुळातून उठून शेजारच्या कुळात गेलं नाही. एकदल वनस्पती त्या प्रचंड शाखेत बऱ्याच आत आहेत. तिथून उठून ते थेट झाडाच्या बुंध्यापाशी आलं. सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणात इतक्या दूरची उडी क्वचितच पाहायला मिळते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. बुंध्यापाशी फुटलेली शाखा म्हणजे सगळ्यांची पूर्वज, असं लोक समजतात आणि मग ‘जगातलं सर्वांत जुनं फूल’ अशी वाक्यं छापून येतात. हे चूक आहे. समजा तुमच्या खापरपणजोबांना दोन मुलगे होते. थोरल्याच्या वंशात आज एकच माणूस आहे आणि धाकट्याच्या वंशात शंभर. म्हणून तो एकटा त्या शंभरांचा पूर्वज होत नाही. तो त्यांचा दूरचा चुलत भाऊ आहे, त्यांच्याच काळात जगणारा. खापरपणजोबा कसे दिसत असतील याचा अंदाज बांधायचा, तर दोन्ही घरांतले चेहरे पाहावे लागतात. ट्रिथुरियाही तशीच आजची वनस्पती आहे. तिच्या शाखेलाही बदलायला इतरांइतकाच, तेरा-चौदा कोटी वर्षांच्या घरातला वेळ मिळाला आहे. तिचं महत्त्व ती जुनी असण्यात नाही. फार पूर्वी फुटलेल्या वाटेवरची ती आणखी एक साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष इतरांहून बरीच वेगळी आहे.

कुमुदिनीचा विषय निघालाच आहे तर जाता जाता कमळाबद्दल. आपण दोघांनाही सर्रास कमळ म्हणतो. पाण्यात राहतात, गोल पानं, मोठी फुलं. पण पाण्याच्या वर उंच उठणाऱ्या पानांचं खरं कमळ, म्हणजे निलंबो, हे निम्फिएलीजमध्ये येतच नाही. त्याचा गण प्रोटिएलीज, आणि त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे चिनारसारखे वृक्ष. दिसायला कुमुदिनीचं जुळं भावंड असलेलं कमळ परकं निघालं, आणि कुठल्याच अंगाने तिच्यासारखी न दिसणारी ट्रिथुरिया घरची निघाली. याच घरात दक्षिण अमेरिकेतली व्हिक्टोरियाही आहे. तिचं एकेक पान तीन मीटरच्या आसपास रुंद होऊ शकतं. त्या एका पानावर ट्रिथुरियाची सगळी वसाहत मांडता येईल.

मग दिसण्यात खरंच काही साम्य नव्हतं? होतं, पण ते बीजात दडलेलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली. हा भाग थोडा सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

बीजात गर्भाबरोबर त्याच्यासाठी अन्नसाठा असतो. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हा साठा ‘पुष्क’ नावाच्या ऊतीत असतो. परागनलिकेतून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळते आणि गर्भ तयार होतो. दुसरी गर्भकोशाच्या, म्हणजे अंडपेशी ज्यात असते त्या लहानशा पिशवीच्या, मधल्या पेशीशी मिळते आणि पुष्क तयार होतं. या मधल्या पेशीत सहसा मातेकडची दोन केंद्रकं असतात. त्यात नराचं एक मिळालं की पुष्कात गुणसूत्रांचे तीन संच होतात. असा नेहमीचा गर्भकोश सात पेशींचा आणि आठ केंद्रकांचा असतो.

कुमुदिनीत हिशेब वेगळा आहे. तिचा गर्भकोश चार पेशींचा आणि चारच केंद्रकांचा. मधल्या पेशीत एकच केंद्रक, त्यामुळे पुष्कात गुणसूत्रांचे दोनच संच. शिवाय हे पुष्क वाढतही नाही, नावापुरतं राहतं. खरा पिष्टसाठा असतो तो गर्भकोशाभोवतीच्या मातेच्याच ऊतीत. तिला परिपुष्क म्हणतात. गर्भ अगदी बारीक आणि बीजाचा बहुतेक भाग परिपुष्काने भरलेला. ट्रिथुरियात हे सगळं जसंच्या तसं सापडतं. चार पेशींचा गर्भकोश, दोन संचांचं नावापुरतं पुष्क, पिष्टाने भरलेलं परिपुष्क, आणि बीजाच्या टोकाला अंकुर फुटताना उघडणारं लहानसं झाकण. हे झाकणदेखील कुमुदिनीच्या घरची खूण आहे. एखादं लक्षण योगायोगाने जुळलं असं म्हणता येईल. चार लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर योगायोग म्हणणं कठीण. यातलं परिपुष्क तर जुन्या अभ्यासकांनाही माहीत होतं. पण शेजारी गवतं आहेत असं गृहीत धरल्यावर ते फक्त एक विचित्र अपवाद ठरत होतं.

याच बीजात आणखी एक गोष्ट सापडली. विल्यम फ्रीडमन यांनी २००८ मध्ये दाखवलं, की ट्रिथुरिया सबमर्सामध्ये परिपुष्कात पिष्ट साठायला फलनाच्या आधीच सुरुवात होते. सपुष्प वनस्पतींत सहसा उलट असतं. फलन झालं, गर्भ आणि पुष्क तयार झालं, की मगच माता त्यात अन्न ओतते. जे बीजक (ज्याची पुढे बी होते तो भाग) फळणार नाही त्यावर खर्च होत नाही. पाइन, सायकस यांच्यासारख्या उघड्या बियांच्या वनस्पती मात्र फलनाआधीच साठा करून ठेवतात. मग ट्रिथुरियातली ही रीत त्या जुन्या काळची राहून गेलेली आहे की नंतर नव्याने आलेली? फक्त या एका वनस्पतीवरून ते ठरत नाही. माझा स्वतःचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ट्रिथुरिया सबमर्साच्या परागणाची निरीक्षणं झाली आहेत. तिच्यात पराग वाऱ्याने जाऊ शकतात, पण बिया मुख्यतः स्वपरागणाने धरतात असं त्यांतून दिसलं. फलन होणार याची जवळजवळ खात्री असेल तर अन्न आधी भरून ठेवण्यात नुकसान नाही, आणि आटत्या डबक्यात थोडा वेळ वाचतो तो फायदाच. अर्थात हा तर्क झाला, पुरावा नव्हे.

एकदल की द्विदल हा जुना प्रश्नही इथे गंमतशीर वळण घेतो. ट्रिथुरियाची बी रुजताना पाहिली तर काही जातींत दोन दलिकांचे, म्हणजे बीतल्या पहिल्या पानांचे, तळ जुळून एक आवरण झालेलं दिसतं. दलिका एक मोजायची की दोन, यावरच शास्त्रज्ञांना चर्चा करावी लागली. शाळेत एकदल आणि द्विदल ही सरळ दोन घरं वाटतात, पण वंशवृक्षाच्या तळाशी ती तशी नाहीत. कुमुदिनी, अम्बोरेला, चक्रफूल यांना आता कोणी द्विदलांत धरत नाही, आणि ती एकदल तर नाहीतच. त्या दोन्हींची वाटणी होण्याआधीच या शाखा वेगळ्या झाल्या होत्या.

आता फुलाकडे. नेहमीच्या फुलात क्रम ठरलेला. बाहेर निदलं, मग पाकळ्या, मग पुंकेसर, आणि मधोमध स्त्रीकेसर. ट्रिथुरियाच्या उभयलिंगी जातींत पुंकेसर मध्यभागी असतात आणि स्त्रीकेसराचे घटक, म्हणजे किंजदलं, त्यांच्या भोवती. फूल जणू आतलं बाहेर उलटवलेलं. बाहेरून दोन किंवा अधिक छदांचं, म्हणजे बारीक पानांसारख्या अवयवांचं कवच. प्रत्येक किंजदलात एकच बीजक, आणि टोकाला पेशींच्या एकेरी ओळीचे लांब केस, जे पराग पकडतात.

असा उलटा क्रम सपुष्प वनस्पतींत अत्यंत दुर्मीळ आहे. दुसरं प्रसिद्ध उदाहरण मेक्सिकोतल्या लाकांडोनियाचं. त्या हरितद्रव्य नसलेल्या इवल्या वनस्पतीच्या फुलात मध्यभागी पुंकेसर आणि भोवती किंजदलांची दाटी असते. पण लाकांडोनिया खरोखरच एकदल आहे, म्हणजे ट्रिथुरियाशी तिचं जवळचं नातं नाही. उलटं फूल निदान दोनदा, वेगवेगळ्या घरांत घडलं असणार.

की ते फूल नाहीच? हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला आहे. छदांच्या आतला तो झुबका म्हणजे एक फूल नसून अनेक फुलांचा गुच्छ असेल, आणि त्यातलं प्रत्येक फूल झिजत झिजत एका पुंकेसरावर किंवा एका किंजदलावर आलं असेल, तर ‘उलटा क्रम’ हे कोडंच राहत नाही. गुच्छात मधोमध नर फुलं आणि कडेला मादी फुलं, एवढंच. म्हणूनच या कुळावर काम करणारे अभ्यासक फूल किंवा पुष्पगुच्छ असं न म्हणता ‘प्रजनन-एकक’ असा सावध शब्द वापरतात. फुलाची सीमा कुठे संपते आणि गुच्छाची कुठे सुरू होते, हे या वनस्पतीत स्पष्ट नाही. कदाचित ती सीमा आपल्याला वाटते तितकी पक्की कधी नव्हतीच. मला हा या साऱ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो, कारण इथे डीएनएची मदत होत नाही. नातं कळलं म्हणून अवयवाचा अर्थ कळतोच असं नाही.

कुळाची जागा बदलल्यावर आतली मांडणीही तपासली गेली. २००८ मध्ये द्मित्री सोकोलॉफ, मार्गारिटा रेमिझोव्हा, टेरी मॅकफार्लेन आणि पॉला रुडॉल यांनी दोनऐवजी एकच प्रजाती ठेवावी असं सुचवलं आणि सोबत चार नव्या जातींचं वर्णन केलं. जुनी विभागणी साधारण अशी होती. उभयलिंगी एककं आणि उकलणारी फळं ज्यांची, त्या ट्रिथुरिया. एकलिंगी एककं आणि न उकलणारी फळं ज्यांची, त्या हायडाटेला. अधिक जाती पाहिल्यावर ही लक्षणं एकमेकांत मिसळू लागली. काहींत नर आणि मादी झाडं वेगवेगळी, काहींत एकाच झाडावर दोन्ही, काहींत एकाच एककात. २०१२ मध्ये कुळातल्या जातींचा डीएनए-अभ्यास झाला तेव्हा लिंगव्यवस्था कुळात एकाहून अधिक वेळा बदलली असल्याचं दिसलं. म्हणजे तिच्यावर प्रजातींची भिंत उभी करता येत नव्हती. त्या अभ्यासाने सगळ्या जातींची चार उपगटांत नवी वाटणी केली.

दोन प्रजाती एक करताना नाव कोणतं ठेवायचं, यासाठी नियम आहे. जे आधी प्रसिद्ध झालं ते. १८५८ सालचं ट्रिथुरिया राहिलं, १९०४ सालचं हायडाटेला गेलं. कुळाचं नाव मात्र हायडाटेलेसीच आहे, कारण कुळाचं नाव ज्या प्रजातीवरून पडलं ती पुढे दुसरीत विलीन झाली तरी ते रद्द होत नाही. त्यामुळे आज हायडाटेलेसी कुळात हायडाटेला नावाची प्रजातीच नाही. नियमाप्रमाणे सगळं यथास्थित आहे, पण नवख्या माणसाला हे विचित्रच वाटणार.

भूगोलाचं काय? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत ही नावं एका ओळीत आली की गोंडवन आठवतं. एकेकाळी हे भूभाग एकसंध होते, ते फुटताना वनस्पती आपापल्या तुकड्यांवर बसून निघाल्या, असं स्पष्टीकरण चटकन सुचतं. आणि कुळाची शाखा एवढी जुनी म्हटल्यावर तर ते पटतंच. पण हिशेब जुळत नाही. शाखा कुमुदिनीपासून वेगळी झाली ती दहा कोटी वर्षांपेक्षाही आधी, हे खरं. आज जिवंत असलेल्या जाती एकमेकींपासून अलग व्हायला लागल्या त्या मात्र जेमतेम दोन कोटी वर्षांपूर्वी, असा अंदाज जनुकीय फरकांवरून निघतो. तोपर्यंत भारत केव्हाच आशियाला येऊन भिडला होता. भारतातली जाती उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जातींच्या इतकी जवळची आहे की ती समुद्र ओलांडूनच आली असणार. बिया अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या. पाणपक्ष्यांच्या पायांच्या चिखलातून त्या आल्या असाव्यात असं मानलं जातं, प्रत्यक्ष पाहिलं अर्थात कोणीच नाही. जुनी शाखा आणि अलीकडे फुटलेल्या डहाळ्या या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मधल्या काळात या शाखेवर किती जाती आल्या आणि संपल्या, त्यांचा माग आज जिवंत जातींत उरलेला नाही.

ही भारतीय जाती म्हणजे ट्रिथुरिया कोंकणेन्सिस. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव आणि गोवा विद्यापीठातले एम. के. जनार्थनम यांनी तिची नोंद १९९४ मध्ये ‘रीडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. भारताच्या वनस्पतींच्या यादीत एक नवी जातीच नव्हे, तर एक अख्खं नवं कुळ त्यांनी जोडलं. सिंधुदुर्ग जिल्ह्यातली ही वनस्पती पावसाळी पाणथळ जागेत उगवते आणि पाणी ओसरलं की आपलं आयुष्य आटोपते. उरतात त्या मातीतल्या बिया. वर्षातले थोडे आठवडे सोडले तर ती जागा कोरडी, उजाड दिसते. तिथे काही आहे हे कोणाला सांगूनही खरं वाटणार नाही. अशा जागा पडीक म्हणून नोंदल्या जातात, आणि तिथे खाण, रस्ता किंवा बांधकाम आलं की मातीतला तो बियांचा साठाच जातो. न्यूझीलंडमधल्या ट्रिथुरिया इनकॉन्स्पिक्युआची गोष्ट निराळी. ती बहुवर्षायू आहे आणि उत्तर बेटाच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या स्वच्छ तळ्यांत बुडून राहते. पाणी गढूळ झालं की तिला उजेड मिळत नाही. त्या देशाच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत ती अगदी वरच्या श्रेणीत आहे.

१९९४ ची ती नोंद झाली तेव्हा हायडाटेलेसी अजून एकदलांत होतं. त्यामुळे या वनस्पतीचा शोध पुस्तकांत घ्यायचा असेल तर आधी पुस्तकाचं साल पाहावं. २००७ च्या आधीच्या वनस्पतिसूचींमध्ये ती शेवटाकडे, गवतं आणि लव्हाळ्यांच्या जवळपास सापडेल. एपीजीप्रमाणे लावलेल्या नव्या सूचींमध्ये ती सुरुवातीलाच, कुमुदिनीच्या आगेमागे असते.